नोकरी सोडू का? पण पैसे बुडाले तर?

"मॅडम, नोकरी सोडून स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. पण पैसे बुडाले तर?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न घेऊन कोणी आलं नाही, असा महिना माझ्याकडे जात नाही. विचारणारे बदलतात. कधी पंचविशीतली डिझायनर असते, कधी पन्नाशीला टेकलेले लेखापाल. बहुतेकांना कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं, 'सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढ आणि बिनधास्त उडी मार.' सल्ला चुकीचा नाही. पण सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून झाल्यावरही ही माणसं माझ्यासमोर बसलेली असतात. असं का होतं, हे मला एका गृहस्थांच्या बोलण्यातून सगळ्यात स्वच्छ दिसलं. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, आणि बऱ्याच भेटींतली बोलणी इथे आटोपशीर करून मांडते आहे.

वय चाळिशीचं. एका मोठ्या कारखान्याच्या देखभाल विभागात वरच्या हुद्द्यावर. पंप, मोटरी, कॉम्प्रेसर यांच्यात आयुष्य गेलेलं. छोट्या कारखान्यांना स्वतःचा देखभाल विभाग परवडत नाही. त्यांना वार्षिक करारावर ही सेवा द्यायची, असा त्यांचा बेत होता. हातात कसब होतं, गिऱ्हाईक कोण हे माहीत होतं, दोघातिघांनी "तुम्ही सुरू करा, आम्ही काम देतो" असं सांगितलेलंही होतं. पहिल्याच भेटीत त्यांनी लॅपटॉप उघडून हिशेबाचा तक्ता दाखवला. घरखर्च, हप्ते, विमा, हत्यारं, गाडीचं इंधन, सगळं रकान्यांत बसवलेलं.

"मग अडलंय कुठे?"

"साठवलेले पैसे कमी पडतील असं वाटतं."

"किती हवेत?"

"अठरा महिन्यांचा घरखर्च. तेवढे झाले की राजीनामा."

त्याच फोल्डरमध्ये तक्त्याच्या जुन्या प्रती दिसत होत्या. मी सगळ्यात जुनी उघडायला सांगितली. त्यात 'सहा महिने' लिहिलं होतं. तिच्या पुढचीत 'बारा'.

"सहा महिन्यांचे जमले तेव्हा काय झालं?"

"मुलीचं कॉलेज तोंडावर आलं."

"आणि बारा महिन्यांचे जमले तेव्हा?"

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "तेव्हा काही झालं नव्हतं," म्हणाले.

अशा क्षणी समोरच्याला धीर द्यायचा मोह होतो. 'तुमच्यात गुण आहेत, होईल सगळं नीट.' मी तो टाळते. धंदा चालेल की नाही हे मला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलेल्या गोष्टीची हमी देणं हा समोरच्याचा अपमान आहे. मी समुपदेशनाची विवेकनिष्ठ पद्धत मानणारी आहे. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडायला सुरुवात केली. त्यांचं म्हणणं सोपं होतं: घटना आपल्याला जितकं हलवते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो ते हलवतं. त्यामुळे भीती शांत करण्याआधी मी तिला शेवटपर्यंत बोलू देते. ज्या गोष्टीला माणूस भितो, ती घडलीच आहे असं धरायचं आणि मग पुढे काय काय होतं ते पायरीपायरीने बघायचं.

पुढच्या एका भेटीत मी विचारलं, "समजा धंदा बसला. साठवलेलं सगळं गेलं. हे सांगायला पहिला फोन कोणाला कराल?"

"कोणालाच नाही."

"घरी तरी?"

"हिला तर नाहीच नाही. आधी कुठून तरी उभे करीन पैसे. कर्ज काढीन. गाडी रुळावर आणीन आणि मग सांगीन."

"आणि ते कर्जही त्यात गेलं तर?"

"मग आणखी कुठून तरी..." एवढं बोलून ते थांबले. पेन टेबलावर ठेवलं. मी काही बोलले नाही. समुपदेशकाने गप्प कधी राहायचं हे शिकायला फार वर्षं लागतात, आणि ते आल्याचा मला आनंद आहे. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "मॅडम, मी थांबणारच नाही. मला पैसे जाण्याची भीती नाहीये. मला माझीच भीती वाटतेय."

त्या दिवसापासून हा प्रश्न मला वेगळा ऐकू येतो. आकडा गाठला की तो पुढे सरकत असेल, तर अडचण आकड्यात नसते. ह्या गृहस्थांना आतून पक्कं माहीत होतं की अपयश कबूल करण्यापेक्षा ते त्यात आणखी पैसे ओततील. म्हणून सहा महिन्यांचे असोत की अठराचे, कुठलीच रक्कम त्यांना पुरेशी वाटत नव्हती. जो थांबणार नाही त्याला कितीही पैसे कमीच. त्यांची भीती भित्रेपणाची नव्हती, ती शहाणपणाची होती. फक्त ती चुकीच्या रकान्यात लिहिली गेली होती.

आणि ही काही त्यांच्या स्वभावातली खोड नव्हे. बॅरी स्टॉ या संशोधकांचा १९७६ मधला एक प्रयोग मी अशा वेळी आवर्जून सांगते. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका काल्पनिक कंपनीच्या दोन विभागांपैकी एकाला निधी द्यायला सांगितलं. नंतर त्यांनी निवडलेला विभाग घसरल्याचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले आणि पुन्हा निधी वाटायला सांगितला. ज्यांनी पहिला निर्णय स्वतः घेतला होता, त्यांनी त्या घसरलेल्या विभागालाच जास्त पैसे दिले. पहिला निर्णय दुसऱ्या कोणी घेतला होता असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांचा हात आखडता राहिला. पैसे खोटे, कंपनी खोटी, तरी स्वतःचा निर्णय चुकला हे मानायला मन तयार होत नाही. मग खऱ्या पैशांत आणि चार ओळखीच्या लोकांसमोर काय होत असेल!

उपाय मात्र त्यांनीच आणला, आणि मी सुचवला असता त्यापेक्षा सरस आणला. पुढच्या वेळी आल्या आल्या म्हणाले, "मोटरला आम्ही ओव्हरलोड रिले लावतो. मोटर ठरलेल्यापेक्षा जास्त करंट ओढायला लागली की थोड्या वेळात रिले ट्रिप होतो, मोटर बंद. आणि तो रिले मोटर तापल्यावर कोणी सेट करत नाही. चालू करायच्या आधीच, मोटरच्या पाटीवरचा आकडा बघून करतात."

"मग तुमच्या पाटीवरचा आकडा किती?"

त्यांनी वही काढली. तिच्यात तीन ओळी होत्या. पहिली: आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम गेली की थांबायचं. दुसरी: दर तिमाहीच्या पहिल्या रविवारी हिशेब. तिसऱ्या ओळीत फक्त बायकोचं नाव होतं.

तिसरी ओळ सगळ्यात जड होती. मी दोघांना एकत्र बोलावलं. त्यांनी वही पुढे केली, तिने वाचली आणि म्हणाली, "पैसे गेलेले मला चालतील. मला सगळ्यात शेवटी कळलेलं चालणार नाही." एवढंच. त्यांच्या खांद्यावरून किती ओझं उतरलं हे मला समोर बसून दिसत होतं. हे वाक्य मी तिच्या परवानगीने आजवर अनेक जोडप्यांना सांगितलं आहे.

आता ज्यांच्या डोक्यात हाच प्रश्न घोळतोय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

'किती मिळतील?' या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं. 'किती गेले तरी मी उभा राहीन?' याचं उत्तर तुम्ही आज संध्याकाळी काढू शकता. सरस सरस्वती या संशोधिकेने अनुभवी उद्योजक निर्णय कसे घेतात ते पाहिलं आणि २००१ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. त्यांना दिसलं की मुरलेले उद्योजक अपेक्षित नफ्याच्या गणितापासून सुरुवात करत नाहीत. आपल्याला किती नुकसान झेपेल, तिथून करतात. ही रक्कम महिन्यांत मोजा, म्हणजे ती घरातल्या प्रत्येकाला कळते. आजारपणासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा त्यात धरू नका. धंद्याचं आणि घराचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, नाहीतर मर्यादा कधी ओलांडली हे तुम्हाला समजणारसुद्धा नाही.

आणि ही मर्यादा वाढवायची असेल तर धंदा चांगला चाललेला असताना, दोघांनी बसून वाढवा. नुकसानीच्या महिन्यात, रात्री एकट्याने, कधीही नाही.

राजीनामा ही पहिली पायरी असायलाच हवी असं नाही. जोसेफ राफी आणि जी फेंग या संशोधकांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून २०१४ मध्ये दाखवलं की नोकरी सांभाळून धंदा सुरू करणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता, एकदम नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होती. अनेकांना हे अर्ध्या मनाचं लक्षण वाटतं. मला ते शिकण्याचं लक्षण वाटतं. मात्र त्याआधी नोकरीचा करार शांतपणे वाचा. बाहेरचं काम चालतं का, सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करायला बंधन आहे का, नोकरीत असताना तयार केलेली गोष्ट कोणाच्या मालकीची, या तीन गोष्टी बघा. कंपनीचा वेळ आणि कंपनीची साधनं वापरू नका. आरोग्य विमा नोकरीबरोबर संपत असेल तर स्वतःचा आधी घ्या.

या गृहस्थांच्या तक्त्यात एक गोष्ट राहून गेली होती, ती फार जणांच्या तक्त्यात राहते. बिल दिलं त्याच दिवशी त्यांनी पैसे जमा धरले होते. महिनाभर काम, महिनाअखेर बिल आणि गिऱ्हाईक पैसे देणार ६० दिवसांनी, असं असेल तर पहिला पैसा हातात येईपर्यंत तीन महिन्यांचा खर्च खिशातून जातो. त्यातच काम वाढलं तर अडकलेली रक्कमही वाढते. कागदावर नफा दिसत असताना धंदे बंद पडतात ते असे. मी पैशांची सल्लागार नाही, म्हणून त्यांना एका हिशेबनिसाकडे पाठवलं. तक्ता नव्याने केला तेव्हा काही अंशी आगाऊ रक्कम मागितल्याशिवाय गत्यंतर नाही हे त्यांनाच उमगलं.

कर्जाबद्दल एकच सांगते. तुमच्या कंपनीची जबाबदारी कायद्याने मर्यादित असली, तरी तुम्ही वैयक्तिक हमीवर, म्हणजे 'कंपनीने फेडलं नाही तर मी फेडीन' अशा कागदावर, सही केलीत की ती मर्यादा तुमच्यापुरती संपली. ते कर्ज तुम्ही ठरवलेल्या मर्यादेच्या हिशेबात धरा.

ते आता स्वतःच्या पायावर आहेत. सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी काम केलं, दोन करार पक्के झाल्यावर नोकरी सोडली. मधे एका गिऱ्हाइकाने पैसे अडकवले आणि खर्च सहा महिन्यांच्या खुणेपर्यंत गेला. त्याच संध्याकाळी त्यांनी घरी सांगितलं. दोघांनी मिळून त्या गिऱ्हाइकाचं काम थांबवायचं ठरवलं. मला हे कळवताना धंदा वाचल्यापेक्षा त्याच संध्याकाळी सांगता आलं, याचं त्यांना जास्त कौतुक होतं. मलाही.

हे वाचणाऱ्यांत असेही कोणी असतील ज्यांची मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे आणि घरी अजून कोणाला माहीत नाही. त्यांनी नवा पैसा उभा करणं आजच थांबवावं. कोणाचं किती देणं आहे आणि त्यावर व्याज किती, ही यादी एका कागदावर करावी, आणि तो कागद ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाच्या हातात द्यावा. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर यादीसाठीही थांबू नये. त्या माणसाला सोबत घेऊन आधी डॉक्टरांकडे जावं. देण्याचं नंतर बघता येतं.