काजूच्या बागेवरून गेलेली तार

प्रश्न : राजापूर तालुक्यात सड्याच्या (कातळी माळाच्या) कडेला आमचे घर असून मागे दोन एकर काजूची बाग आहे. बागेवरून विजेच्या तारा गेल्या आहेत. फाल्गुन-चैत्रात दुपारचा वारा सुटला की वीज जाते, ती कधी कधी दुसऱ्या दिवशीच येते. गेल्या वर्षी शेजारच्या सड्यावर वणवाही लागला होता. आईला रोज इन्सुलिन घ्यावे लागते आणि पाणी विहिरीवरच्या पंपाने येते. इन्व्हर्टर घेतला म्हणजे पुरे होईल का? — एक वाचक

उत्तर : इन्व्हर्टर जरूर घ्यावा, परंतु त्याआधी कोयता हाती घ्यावा. वीज जाणे आणि वणवा लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे आपण धरून चालतो; प्रत्यक्षात दोहोंचे मूळ कित्येकदा झोळ पडलेल्या तारांतच असते. वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटल्या की ठिणग्या पडतात, आणि खाली वाळलेले गवत व पातेरा असला तर खारा वारा ती आग बघता बघता चढावरच्या बागेत नेतो. म्हणून बेणणीच्या वेळी तारांखालचा पट्टा पूर्ण साफ करून कापलेले गवत तेथून उचलावे आणि बागेभोवतीही मोकळी पट्टी राखावी. तारांना लागणाऱ्या फांद्या मात्र स्वतः तोडू नयेत. खांबाचा क्रमांक देऊन महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी.

वाऱ्यात वीज गेली की ती तत्काळ चालू करण्याचा आग्रह धरू नये. डीपीवरचा उडालेला फ्यूज जाड तार घालून बसवणारा एखादा ‘जाणकार’ प्रत्येक वाडीत असतो; त्याला त्या दिवशी तरी घरी बसवावे, कारण तारेवर फांदी पडलेली असेल तर पुन्हा सोडलेली वीज म्हणजे आगीला आमंत्रण. कॅलिफोर्नियात २०१८ साली वीजवाहिनीतून लागलेल्या वणव्यात पॅराडाइज हे गाव जळून ८५ माणसे दगावली. तेथे आता कोरड्या जोरदार वाऱ्याचा इशारा मिळाला की वीज कंपन्या धोक्याच्या भागातला पुरवठा आपणहून बंद करतात. तार तुटून पडलेली दिसल्यास ती जिवंत आहे असेच समजून दूर राहावे आणि १९१२ वर कळवावे.

इन्सुलिनची फार चिंता नको. बंद ठेवलेला फ्रिज वीज गेल्यावर साधारण ४ तास गार राहतो, म्हणून तो उगाच उघडू नये. त्यापुढे कुपी कोरड्या पिशवीत घट्ट बांधून, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या रिकाम्या मडक्यात सावलीत ठेवावी; बर्फाला चिकटवू नये, कारण गोठलेले इन्सुलिन वाया जाते. वापरात असलेली कुपी बहुधा ४ आठवडे फ्रिजबाहेर चालते, तरी तिच्यावरची सूचना वाचून डॉक्टरांना विचारावे.

राहिले पाणी. घरगुती इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, विहिरीचा पंप सहसा चालत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर कोकणातील अनेक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हा पाणी मिळाले ते दोर-बादली असलेल्यांना. वाऱ्याच्या दिवसांत टाकी सकाळीच भरावी, आणि विहिरीवरचा जुना रहाट अजून शाबूत असेल तर त्याला तेलपाणी करून नवा दोर लावून ठेवावा.