वाण, गुण आणि बटाट्याचा ‘वाय’ विषाणू

प्रश्न असा: बटाट्याला रोग लावणाऱ्या ‘वाय’ विषाणूच्या स्ट्रेनला, म्हणजे त्याच विषाणूच्या थोड्या वेगळ्या प्रकाराला, मराठीत ‘वाण’ म्हणावं का? आणि दोन स्ट्रेन मिळून तिसरा झाला तर तो ‘संकरित वाण’ का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नाही! ‘कुफरी ज्योती’ हा बटाट्याचा संकरित वाण. त्याच्यासाठी एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलाला लावावे लागले. विषाणूंत असलं काही नसतं. मावा ही रस शोषणारी कीड एका झाडावरून दुसऱ्यावर रोग नेते, एकाच पेशीत दोन स्ट्रेन येतात, आणि आरएनएची, म्हणजे विषाणूचे गुण लिहिलेल्या साखळीची, नक्कल काढणारं विकर (एन्झाइम) एकाची नक्कल काढता काढता मध्येच दुसऱ्यावर जातं. याला म्हणायचं पुनःसंयोजन. ‘पुनर्संयोजन’ नव्हे. पुनर्जन्म, पुनर्विचार ठीक. पुढे ‘स’ आला की त्या ‘र्’चा विसर्ग होतो. ‘आता रूढ झालंय, चालवून घ्या’ म्हणणाऱ्यांनी खुशाल चालवावं, मी चालवणार नाही. आणि ऊठसूट ‘म्यूटेशन झालं’ म्हणणंही थांबवा. म्यूटेशनमध्ये, म्हणजे उत्परिवर्तनात, सहसा त्या साखळीतलं एखाददुसरं अक्षर बदलतं. इथे सुमारे ९,७०० अक्षरांच्या साखळीतला हजारो अक्षरांचा तुकडाच दुसऱ्याचा येतो.

आता ‘वाण’. संक्रांतीचं वाण बाजूला ठेवा, त्याचं कूळ वेगळं. ते ‘वायन’पासून आलं. आपला वाण ‘वर्ण’पासून आला, म्हणजे मुळात रंग. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातला वाण हाच. ढवळ्या धवल, पांढरा. पवळ्या पोवळ्याच्या रंगाचा, तांबूस, असं माझं मत. ‘ही नुसती बैलांची नावं, त्यात रंग शोधू नका’ असं सांगणाऱ्या पंडितांना विचारावंसं वाटतं, की मग म्हणीत ‘वाण’ कशाला आला? पांढऱ्याशेजारी बांधून तांबड्याचा रंग बदलला नाही, खोड मात्र लागली, हाच तर तिचा अर्थ!

आणि ही म्हण ‘वाय’ विषाणूला जशी बसते तशी बैलांनाही बसत नसेल. याचे जुने स्ट्रेन ‘ओ’ आणि ‘एन’. ‘एन’मुळे तंबाखूच्या पानांच्या शिरा करपतात, ‘ओ’मुळे नुसता चट्टेरी रंग येतो. १९८४ मध्ये पोलंडमध्ये ‘विल्गा’ नावाच्या बटाट्यात एक स्ट्रेन सापडला, म्हणून तो ‘एन-विल्गा’. त्याचं प्रथिन-कवच ‘ओ’चं, त्यामुळे कवचावरून विषाणू ओळखणारी एलायझा चाचणी त्याला ‘ओ’ ठरवते. पण साखळीच्या सुरुवातीकडचा मोठा तुकडा ‘एन’चा, आणि शिरा करपवण्याची किल्ली नेमकी तिथेच आहे. तंबाखूवर लावला की पान करपतं. वाण ‘ओ’चा, गुण ‘एन’चा. हंगेरीत १९८०च्या सुमारास पुढे आलेला ‘एनटीएन’ही असाच जोडकामाचा, फक्त सांधे जास्त, तो कंदावरच करपलेली वर्तुळं उठवतो, आणि तसला बटाटा बाजारात कोणी घेत नाही.

हां, पहिला प्रश्न राहिलाच. स्ट्रेनला वाण म्हणू नका. बेण्याच्या व्यवहारात वाण म्हणजे बटाट्याची जात. ‘ज्योती वाणावर एन वाण आला’ हे वाक्य मंचरच्या बाजारात बोलून पाहा, कुठलं बेणं आलंय म्हणून भाव विचारतील. सरळ स्ट्रेन म्हणा.