सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी मधूनच छातीत धडधडतं. याच्यासोबत जगायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी बसल्याजागी धडधड सुरू होते, ईसीजी, इको, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं आणि डॉक्टरांनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं. आता चहा सोडू का आणि व्यायाम चालेल का, असा तुमचा प्रश्न. चहाचं नंतर बघू. आधी त्या 'टेन्शन घेऊ नका'बद्दल बोलते, कारण ते वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकलंय, आणि डॉक्टरांपेक्षा घरच्यांकडून जास्त.

ईसीजीची पट्टी साधारण १० सेकंदांची असते. मंगळवारी सकाळी ठोके सरळ पडत असताना काढलेल्या पट्टीवर शुक्रवारी रात्रीची धडधड कशी उमटणार? मंगळवारी सकाळी तुम्ही ठीक होता, एवढंच ती सांगते. इकोत झडपा आणि पंपिंग दिसतं, मधूनच बिघडणारी ठोक्यांची लय दिसत नाही. मला २४ तासांचा होल्टरही (अंगावर बाळगून सतत ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) लावला होता. त्या २४ तासांत धडधड काही झाली नाही, चिकटपट्ट्यांखाली पुरळ तेवढं उठलं.

आमचे धाकटे दीर औषध कंपनीत एमआर आहेत, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून कंपनीच्या औषधांची माहिती देणारे. डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसून बसून माणूस अर्धा डॉक्टर होतो, असा त्यांचा समज आहे. 'वहिनी, तुम्हाला अँक्झायटी आहे' हे निदान त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात पोहे खाता खाता केलं आणि पुढच्या खेपेला झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप आणून दिली. चिठ्ठी नाही, काही नाही. मी घेतल्या नाहीत, तर 'तुम्हाला बरंच व्हायचं नाही' हे वर ऐकवलं. याच घरात सासऱ्यांच्या छातीत जळजळलं तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढून त्यांना बार्शीहून सोलापूरला नेलं होतं. ॲसिडिटी निघाली. मामंजींना कोणी मन शांत ठेवायला सांगितलं नाही.

मग वन्संच्या मुलीचं लग्न आलं. मे महिना, मोहोळचं कार्यालय, डोक्यावर पत्रा. पंगत बसलेली आणि मी जिलबीची परात उचलायला वाकले. उठताना सुरू झालं. हे हळूहळू वाढत नाही, बटण दाबल्यासारखं सुरू होतं. आत्ता काही नव्हतं आणि आता गळ्याची शीर ताडताड उडतेय. समोरच्या पाटावर बसलेल्या मावशींना ती लांबून दिसली, म्हणून त्याच आधी ओरडल्या. भावजी धावत आले, पाणी दिलं आणि हळूच म्हणाले, 'दीर्घ श्वास घ्या वहिनी, व्याही मंडळी बघतायत.' म्हणजे काळजी व्याह्यांची होती.

माझ्या मुलीनं कोणालाही न विचारता मला हाताला धरून रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर अगदी कोवळा पोरगा. पण त्यानं नाडी बघितली आणि घरी काय टेन्शन आहे वगैरे न विचारता सरळ ईसीजीच्या तारा लावल्या. ठोके १८६. आधी पट्टी काढली, मग इलाज. हा क्रम मी जन्मभर विसरणार नाही, कारण उलटं केलं असतं तर परत पुरावा नाहीच. मग त्यानं मला १० मिलीची रिकामी सिरिंज दिली आणि दट्ट्या हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकायला लावलं. लगेच आडवं पाडून दोन्ही पाय वर धरले. पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं आणि ठोके जाग्यावर आले. २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये या पद्धतीची मोठी चाचणी झाली होती. नुसतं बसून जोर लावला तर १७ टक्के रुग्णांचे ठोके जाग्यावर आले, पाय वर घेऊन केलं तर ४३ टक्के. नाहीच जमलं तर दवाखान्यात शिरेतून ॲडिनोसिनचं इंजेक्शन देतात.

माझी भानगड निघाली एसव्हीटी. हृदयात विजेच्या इशाऱ्याला एक जादा वाट असते आणि कधीतरी तो तिच्यात गोल गोल फिरत बसतो. आणखी एक खूण सांगते, जी मला कोणी विचारलीच नव्हती: धडधड थांबल्यावर लघवीला सारखं जावं लागतं. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की तसं संप्रेरक सुटतं. आमच्याकडे माझी शुगर दोनदा तपासून झाली, पण या दोन गोष्टींचा संबंध कोणी जोडला नाही.

पट्टी बघून भावजी काय म्हणाले? 'पण सुरू टेन्शननंच झालं ना?' अहो, त्या दिवशी टेन्शन नवरीच्या बापाला होतं. त्याचे ठोके व्यवस्थित होते. तो वाद आमच्यात अजून चालू आहे. (आमच्या ह्यांनी ती पट्टी जपून ठेवायची म्हणून लॅमिनेशनला दिली. तो उष्णतेवर उमटणारा कागद, मशीनमध्ये काळाठिक्कर पडला. मुलीनं मोबाईलवर फोटो काढला होता म्हणून वाचलो. तुमची पट्टी मिळाली की आधी फोटो, मग झेरॉक्स.)

तेव्हा धडधड चालू असताना पट्टी काढून घ्या. जवळच्या कुठल्या दवाखान्यात ईसीजी मशीन आहे आणि तो रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा. हातातल्या घड्याळावर ईसीजी निघत असेल तर ३० सेकंदांची नोंदही उपयोगी पडते. डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं 'धडधडतं' म्हणू नका, ठोके कसे पडतात ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा. एकदम सुरू होऊन एकदम थांबतं, की आस्ते आस्ते? सरळ वेगानं पडतात की वेडेवाकडे? यावरून जाणता डॉक्टर निम्मं ओळखतो.

तुमचं एसव्हीटीच असेल असं मात्र नाही. मला एसव्हीटीशिवाय सुटे ठोके चुकल्यासारखेही होतात. एक ठोका वेळेआधी पडतो, मग जरा थांबतं आणि पुढचा धपकन लागतो. ते का होतं याचं कारण मला कोणी सांगू शकलेलं नाही. हृदयाची बांधणी चांगली आहे, सोडून द्या, म्हणाले. मी सोडून दिलंय. एसव्हीटीसाठी जांघेतल्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळता येते आणि ते बहुतेकांना कायमचं लागू पडतं. मला क्वचितच होतं, म्हणून अजून केलेलं नाही.

चहा पंधरा दिवस सोडून बघा. मला काडीचा फरक पडला नाही, परत सुरू केला. त्यापेक्षा हिमोग्लोबिन बघा, आणि सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप, दारू यांपैकी काही चालू असेल तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा.

हे आधी लिहायला हवं होतं: चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर सिरिंज फुंकत बसू नका, १०८ ला फोन करा. निदान झालेलं नसताना तो प्रयोग घरी करूच नका. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

व्यायामाचं राहिलंच. चालताना-पळताना धडधड सुरू होत असेल तर आधी हृदयतज्ज्ञ आणि टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), पळणं नंतर. बसल्याजागीच होत असेल तर डॉक्टरांना एकदा विचारा, पण मी तरी चालणं बंद केलं नसतं. आणि घरात कोणी एमआर असेल तर त्याच्याकडून कॅलेंडर आणि पेनं तेवढी घ्या.