मृत्युपत्रात माणसांची वाटणी

प्रश्न: जुन्या मृत्युपत्रांतून गुलामगिरीबद्दल नेमकं काय कळतं हो? त्यात तर फक्त जमीनजुमला, दागिने असतात ना?

उत्तर: अहो, माणसंही असतात, तेच तर वाचताना पोटात कालवतं. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं बघा. 1826 मध्ये, मरायच्या काही महिने आधी, त्याने मृत्युपत्राला पुरवणी जोडली आणि आपल्या गुलामांपैकी फक्त 5 जणांना मुक्त केलं, त्यातला एक होता लोहार जो फॉसेट (Joe Fossett), त्याला त्याच्या दुकानातली सगळी अवजारंही दिली. पण फॉसेटची बायको ईडिथ आणि मुलं? त्यांचं नाव त्या यादीत नाही. जेफरसनवर 1 लाख डॉलरच्या वर कर्ज होतं, म्हणून जानेवारी 1827 मध्ये मॉन्टिसेलोला, म्हणजे त्याच्या मळ्यावर, लिलाव झाला आणि फॉसेटची बायको-मुलं वेगवेगळ्या लोकांना विकली गेली. म्हणजे हातात ऐरण-हातोडा आला पण घर गेलं!

पाचातले दोघे, मॅडिसन आणि एस्टन, जेफरसनचीच गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जची मुलं, बाप जेफरसनच असं आज बहुतेक इतिहासकार मानतात. सॅलीचं मात्र मृत्युपत्रात नावसुद्धा नाही. म्हणून अशी कागदपत्रं वाचताना कोणाला काय मिळालं एवढंच बघू नका, कोणाचं नाव गाळलंय तेही शोधा, मला तरी खरं घर तिथेच दिसतं.