शिवजयंतीला मुलासाठी मावळ्याचा पोशाख घरी, मशीनशिवाय कसा शिवावा?

आधी बाराबंदी, म्हणजे अंगात घालायचा बंदांचा सदरा जमवा, बाकी सोपं आहे. तिला बटणं नसतात, बंदांच्या सहा जोड्या असतात. नावच त्यावरून पडलंय. बाबांचा जुना सुती कुर्ता घ्या, मुलाच्या मापाने बाजूंनी आणि खालून कापा. पुढचा भाग मात्र मधोमध फाडू नका (मी फाडला होता, दिवसभर बनियन दिसत होता!). गळ्यापासून एका बाजूला तिरका कापा आणि खालून उरलेल्या कापडाची रुंद पट्टी आतून जोडा, म्हणजे एक पल्ला दुसऱ्यावर चढतो. बंदांना पायजम्याची जुनी नाडी चालते. धावदोऱ्यावर (साध्या पुढे जाणाऱ्या टाक्यांवर) भागतं, पण बंद आणि बगल उलट्या टिपेनेच (दर टाक्याला सुई थोडी मागे नेऊन) शिवा, मुलं ओढतात. लहानग्याला चार जोड्याही पुरेत, कोण मोजतंय! कापड फार पांढरं वाटलं तर चहाच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास बुडवा.

खाली जुना पायजमा, कमरेला ओढणी.

पगडीसाठी सुती साडीची लांब पट्टी पिळून उपड्या पातेल्यावर गुंडाळा, जागोजागी टाके घाला, वरून तांदळाची घट्ट पेज लावून उन्हात वाळवा. पातेलं मुलाच्या डोक्यापेक्षा किंचित मोठं घ्या, कापड आवळतं.