मशीन नंतर घ्या, आधी दोन हजार पत्रावळी विकून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कळमनुरी तालुक्यातलं गाव, वय सव्वीस, सोयाबीनचे आणि बहिणीकडून घेतलेले मिळून दोन लाख हाताशी. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण काढायचेत. १ लाख १० हजारांचं मशीन बघून ठेवलंय आणि विकणारा म्हणतोय, 'तयार माल आम्हीच उचलू.' तुम्ही विचारताय, मशीन घेऊ का, कर्ज कुठलं काढू आणि 'इको फ्रेंडली' म्हणून शहरात विकू कसं.

मी भोकरकडची. हाच धंदा करते, अकरा बायका माझ्याकडं पत्रावळी लावतात. म्हणून जरा लांबण लावणार आहे, कंटाळू नका.

'माल आम्हीच उचलू' हे वाक्य मी २०१८ च्या दिवाळीत ऐकलं होतं. त्या वर्षी २३ मार्चला महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली आणि जूनपासून दंड सुरू झाला, पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये. लगेच मशीनवाल्यांचं पेवच फुटलं. आमच्या ह्यांनी आणि मी ८५ हजार भरून कागदी द्रोणाचं मशीन आणलं. कच्चा माल तेच देणार, तयार माल तेच नेणार. पहिला लॉट नेला, पैसेही दिले. दुसऱ्या लॉटमधला निम्मा 'दर्जा बसत नाही' म्हणून परत. तिसऱ्याला फोन बंद. करारात एक ओळ होती: 'मालाची प्रत कंपनी ठरवेल.' आम्ही सही करताना ती वाचलीही होती, पण तिचा अर्थ कळायला चार महिने लागले. माल घेणारा, दर ठरवणारा आणि माल बाद करणारा एकच माणूस असला की आपण कारखानदार नसतो, त्याच्याकडचे बिनपगारी मजूर असतो. तुमच्या मशीनवाल्याच्या कागदात ही ओळ आधी शोधा.

म्हणजे मशीन वाईट का? नाही. माझ्याकडं आज दोन आहेत. पण मशीन ही या धंद्यातली शेवटची खरेदी. पहिली खरेदी म्हणजे दुसऱ्यानं बनवलेला माल. किनवट, माहूरकडं बायका अजून हातानं पत्रावळी लावतात. आदिलाबादच्या गाडीत बसा, दोन हजार नग घेऊन या आणि पंधरा दिवसांत तुमच्या तालुक्यात विकून दाखवा. विकल्या गेल्या तर गिऱ्हाईक कोण, दर काय आणि रडगाणं काय ते कळेल. नाही गेल्या तर पाच-सहा हजारांत सुटलात. त्यानंतर ज्याच्याकडं मशीन आहे त्याच्याकडून मजुरीवर दाबून घ्या. एक लगीनसराई अशी काढा, मग मशीनचं बघू.

आता पैसा नेमका कुठं अडकतो ते सांगते, कारण हे मशीनच्या जाहिरातीच्या व्हिडिओत कुणी सांगत नाही. पळसाचं झाड बघितलंय ना? शिमग्याला लाल फुलांनी पेटलेलं असतं आणि अंगावर पान नसतं. नवी पालवी चैत्र-वैशाखात येते, ती कोवळी. आणि आपली लग्नं कधी? त्याच महिन्यांत. म्हणजे सगळ्यात जास्त पत्रावळ लागते तेव्हा झाड उघडं. म्हणून पानं दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घ्यायची, सावलीत वाळवायची, गठ्ठे बांधून ठेवायची आणि वैशाखात विकायची. पाच महिने तुमचा पैसा पानांच्या रूपात माळ्यावर पडून राहणार. दोन लाखांतले एक लाख दहा हजार मशीनला घातले, शेड आणि वायरिंगला तीस घातले, तर पानांना काय उरलं? मग व्याजानं काढायचे. माझ्या ओळखीची दोन मशीनं अशीच गोणपाटाखाली झाकून पडलीत.

पानांचंही एक शास्त्र आहे. 'पळसाला पाने तीनच' म्हणतो आपण, पण ती तीन सारखी नसतात. मधलं मोठं आणि सरळ, बाजूची दोन लहान आणि एका अंगाला तिरकी. नवखी बाई तिन्ही एकत्र लावते आणि काठ वाकडा येतो. आमच्या आत्याबाई मधली पानं वेगळी काढून काठाला लावायच्या, तिरकी आतल्या अंगाला. मशीनवर दाबायच्या पत्रावळीलाही मी हेच करते. दाबायच्या आधी वाळल्या पानावर पाण्याचा हबका मारून ओल्या गोणपाटात तासभर ठेवायचं. कोरडं दाबलं की पापडासारखं मोडतं, जास्त ओलं दाबलं की डायमधून, म्हणजे मशीनच्या तापत्या साच्यातून, वाफ निघते आणि मध्ये फोड येतो. किती ओलं हे हातालाच कळतं, पहिले दोन-तीनशे नग बाद जातील हे धरून चाला.

आणि स्टेपलर वापरू नका. पटापट होतं म्हणून बरेच जण वापरतात. तार सुटून भातात गेली तर जेवणाऱ्याच्या घशात, नाही गेली तर उकिरड्यावर म्हशीच्या पोटात. शिवणयंत्रावर सुती दोऱ्यानं शिवा नाहीतर बांबूच्या काडीनं टाचा. खळ लावत असाल तर मैद्याच्या खळीला उंदीर येतात, माल भिंतीपासून हातभर लांब आणि मांडणीवर ठेवा.

बुरशीचं तर मला चांगलंच भोवलंय. एका आषाढात सप्ताहाची ऑर्डर होती, पावसाची झड लागलेली. पत्रावळी दाबून गरम गरमच प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या, कारण न्यायला टेम्पो दारात उभा होता. चौथ्या दिवशी पंगतीत पिशव्या फोडल्या तर वरून नीट, आणि आतल्या प्रत्येक पत्रावळीच्या मधोमध पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं. वास वेगळाच. ऐनवेळी गावातल्या घराघरांतून स्टीलची ताटं गोळा करावी लागली. महाराज काही बोलले नाहीत, पण त्या गावात तीन वर्षं मला ऑर्डर नाही. तेव्हापासून दाबलेला माल रात्रभर मोकळा पसरून मगच बांधते, गठ्ठ्याला कागद आणि सुतळी. पावसाळ्यात साठा करतच नाही, ऑर्डरीपुरतंच.

खर्चाचा हिशेब शेकड्यावर करा, नगावर नको. नगावर केला की पैसे दिसत नाहीत. माझ्या वहीत गेल्या हंगामात शेकडा पत्रावळीला पानं ६०, लावणावळ ९०, खालचा पुठ्ठा ५५, वीज आणि दाबणावळ २०, गाडीभाडं १५, बाद माल १० असे २५० रुपये बसले. केटररला ३१० नं गेला. शेकड्याला ६० सुटले. ही माझ्या गावातली मजुरी आणि माझी पानं, तुमच्याकडं आकडे वेगळे येतील, पण रकाने हेच ठेवा. 'बाद माल' हा रकाना नवा माणूस हमखास विसरतो. आणि घरच्या बायकांचे हात फुकट धरू नका. आई आणि बहीण बसणार असतील तर त्यांचीही लावणावळ लिहा, नाहीतर धंदा चालतोय की आईची पाठ मोडतेय हे कळणार नाही.

विजेचं एवढंच: मशीनची डाय हीटरवर तापते. गावठाणातल्या सिंगल फेजला संध्याकाळी व्होल्टेज पडलं की डाय नीट तापत नाही आणि पत्रावळ उलगडते. शेतातल्या थ्री फेजच्या भरवशावर शेड टाकाल तर विजेची पाळी रात्रीची आली की रात्री दाबत बसाल. आधी आठ दिवस जागेवरचं व्होल्टेज मोजा.

आता तुमचा 'इको फ्रेंडली'चा मुद्दा. खरं सांगू? आपल्याकडं हा शब्द बघून कुणी माल घेत नाही. मी पहिल्या वर्षी पाकिटावर हिरवं पान आणि 'पर्यावरणपूरक' छापून नांदेडला वजिराबादेत दुकानं फिरले. एका दुकानदारानं पाकीट उलटं करून विचारलं, "गळती का?" बस, तेवढंच. मी तिथंच पाणी मागून ओतून दाखवलं. त्यानं दहा मिनिटं ठेवलं, खालच्या काउंटरवर बोट फिरवलं आणि पन्नास गठ्ठे सांगितले. तेव्हापासून माझी जाहिरात एकच, गरम येसर आमटी पत्रावळीत ओतायची आणि भात कालवायचा. आचारी समोर पाहिजे, कारण यजमान पैसे देतो पण काय आणायचं ते आचारी सांगतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. खरी पर्यावरणपूरक वस्तू म्हणजे स्टीलचं ताट, धुवा आणि परत वापरा. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला ताटंच असतात, तिथं आपण जाऊन काय विकणार? पण एप्रिल-मे मध्ये टँकर चालू असताना पाचशे पानांची पंगत उठली की ताटं धुवायचं पाणी आणायचं कुठून? तिथं पत्रावळीला जागा आहे. जेवण झालं की गोळा करून उकिरड्यावर, पुढच्या वर्षी खत. मी मंगल कार्यालयवाल्यांना पर्यावरण सांगत नाही, टँकरचा खर्च सांगते. औंढा नागनाथच्या, नरसी नामदेवच्या बाजूला भंडारे आणि सप्ताह बारा महिने असतात, तुम्हाला ते घराजवळ आहे. पुण्या-मुंबईचं आधी डोक्यात घेऊ नका. पत्रावळ हलकी असते पण जागा लई खाते, ट्रान्सपोर्टवाला वजनाचे नाही, जागेचे पैसे घेतो.

तरी 'इको' छापायचंच असेल तर ते खरं असू द्या. बाजारात हिरव्या रंगाची 'पानाची' म्हणून मिळते त्या कितीतरी पत्रावळींत पुठ्ठ्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म असते. फाडून बघा, पदर ताणला जातो. १५ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा खोट्या हिरव्या दाव्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. नुसतं 'इको फ्रेंडली' लिहून भागत नाही, कशावरून ते सांगता आलं पाहिजे. माझ्या गठ्ठ्यावर लिहिलंय: 'पळसाची पानं, सुती दोरा, साधा पुठ्ठा, प्लास्टिक नाही.' दुकानात ठेवायच्या पाकिटावर नग किती, नावपत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा नंबर लागतोच. ट्रेडमार्क, लोगो वगैरे पहिल्या वर्षी सोडून द्या.

पानं आणायची तर वनखात्याच्या हद्दीतून परस्पर तोडायची नाहीत. बांधावरचे पळस बघा, किंवा सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेशी बोलून रीतसर घ्या. झाड ओरबाडायचं नाही, शेंड्याची पानं ठेवायची.

कागदपत्रांचं फार अवघड नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर घरबसल्या होते आणि फुकट आहे, सेतूवाला हजार मागेल तर उठून या. पानांच्या पत्रावळी-द्रोणावर २०१९ पासून जीएसटी शून्य आहे आणि मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची घाई नाही. पण पुठ्ठा लावलेल्या मालाला तोच नियम बसतो का, हे बिल फाडायच्या आधी कर सल्लागाराला विचारा.

कर्जाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात खुल्या गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे. पण ते हातात येत नाही. बँकेत तुमच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहतं, युनिट चालू दिसलं तरच कर्जात वळतं होतं. शिवाय ते नव्या युनिटलाच आहे. म्हणजे आज घाईनं मशीन घेतलं आणि उद्या अर्ज केला तर 'युनिट आधीचंच आहे' म्हणून परत येईल. मशीन थांबवायला सांगते त्याचं हेही कारण. हिंगोलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसा, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचंही तिथंच विचारा. छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेल्या एमसीईडीची (महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची) प्रशिक्षणं जिल्ह्याच्या ठिकाणी होतात, त्यात बसा. शिकायला मिळतंच, पण माझे पहिले दोन गिऱ्हाईक तिथल्याच बाकावर भेटले. पानांपुरते पैसे कमी पडले तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत मिळतं, तारण लागत नाही. बँक मॅनेजरला ऑर्डरीची वही दाखवा, मशीनचं कोटेशन नंतर.

उधारीचं शेवटी सांगते कारण ती शेवटीच बुडवते. केटररला यजमानाचे पैसे लग्नानंतर मिळतात, मग तुम्हाला देतो, मग देतच नाही. मी निम्मे आगाऊ घेते, निम्मे माल उतरवताना. सप्ताहाच्या कमिटीकडून मात्र आगाऊ मागत नाही, तिथं गावाची वर्गणी असते आणि काल्याच्या दिवशी पैसे हमखास मिळतात.

तुमचं गाव इकडून फार लांब नाही. पानांचा हंगाम सुरू झाला की एक दिवस मुक्कामाला या, बायकांसोबत बसून शंभर पत्रावळी लावून बघा. येताना त्या मशीनवाल्याचा करार आणा, चहा पिता पिता 'प्रत कोण ठरवणार' ती ओळ सापडते का बघू.