नायजेरियाचा धावपटू संडे बाडा ऑलिंपिक सुवर्णविजेता होता का?

हो, पण ते त्याला कधी कळलंच नाही.

सिडनी, २०००. पुरुषांच्या ४ बाय ४०० मीटर रिलेत क्लेमंट चुक्वू, ज्यूड मोन्ये, बाडा आणि एनेफियोक उदो-ओबाँग हे चौघे २ मिनिटं ५८.६८ सेकंदांत धावले. हा तेव्हाचा आफ्रिकन विक्रम. तिसऱ्या आलेल्या जमैकापेक्षा ते फक्त एक दशांश सेकंदाने पुढे होते. पहिली आली मायकेल जॉन्सनची अमेरिका, बरीच आघाडी घेऊन. पुढे २००८ मध्ये त्या संघातल्या अँटोनियो पेटिग्रूने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली आणि अमेरिकेचं पदक काढून घेतलं गेलं. पण ते सुवर्ण नायजेरियाला द्यायचा निर्णय व्हायला २०१२ चा जुलै उजाडला. बाडा डिसेंबर २०११ मध्येच वारला, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी. कबुली आणि निर्णय यांत चार वर्षं गेली, हे मला तरी पटत नाही.

लोक त्याला या रिलेपुरताच ओळखतात, ते अन्यायाचं आहे. ४०० मीटरमध्ये त्याची सर्वोत्तम वेळ ४४.६३ सेकंद. जागतिक इनडोअर स्पर्धेत १९९३ ला रौप्य, १९९५ ला पुन्हा रौप्य आणि १९९७ ला पॅरिसमध्ये सुवर्ण. इनडोअर ट्रॅक २०० मीटरचा, वळणं आखूड, त्यात पुढे जायला होणारी ढकलाढकली. तिथे सलग तीन पदकं मिळवणं सोपं नाही. १९९५ च्या मैदानी जागतिक स्पर्धेत रिलेचं कांस्यही आहे. निवृत्तीनंतर तो नायजेरियाच्या ॲथलेटिक्स महासंघाचा तांत्रिक संचालक होता.